कोरडी मापं

ॲल्युमिनियमची मापं एकात एक घालून पिशवीत ठेवली, की चालणाऱ्याच्या पावलागणिक वाजतात. खण्... खण्... मोठा आवाज नसतो. गळ्यात घंटा बांधलेलं वासरू लांबून चालत येतंय, असं वाटतं.

तो आवाज मी ऐकला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. अजून कुणाच्या घरात डब्यावर डबा आपटला, की माझा हात थांबतो.

त्या सकाळी मी गुलाबशा फकिराच्या तकियावर होतो. आमच्या वाघदरा गावापासून कोसभर वर, खिंडीच्या तोंडाशी, एका कडुनिंबाखाली फकिराची झोपडी होती आणि झोपडीपुढं पाणपोई. मी कुंभार. पाणपोईचा जुना रांजण पाझरायला लागला होता, म्हणून नवा घेऊन गेलो होतो आणि वाळूत बसवत होतो.

फकिराजवळ माप असं नव्हतंच. वाटसरू ओंजळ धरायचा, फकीर वरून ओगराळ्यानं पाणी सोडायचा. समोरच्यानं मान हलवली, की हात थांबवायचा. तेवढंच त्याचं गणित.

खण्... खण्... आवाज जवळ आला.

खंदारे गुरुजी होते. गावच्या शाळेवर एकटे तेच. वय तिशीच्या आत. रोज कडक इस्त्रीचा सदरा असायचा. त्या दिवशी अंगावर कालचाच होता.

“...तर ते पाप कुणाच्या माथी, बाबा? करणाऱ्याच्या, की शिकवणाऱ्याच्या?”

बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. अर्धा प्रश्न वाटेत विचारून झाला असावा.

“आधी पाणी प्या,” फकीर म्हणाला.

गुरुजींनी ओंजळ धरली. फकिरानं पाणी सोडलं. गुरुजींनी ओंजळ तोंडाला लावलीच नाही. पाणी बोटांमधून गळत राहिलं, बाह्या भिजल्या. मान काही हलली नाही. शेवटी फकिरानं आपणच हात थांबवला.

असं मी तिथं पहिल्यांदाच पाहिलं.

“साडेनवाची एसटी धरायची?” फकिरानं विचारलं.

“हो.”

“शनिवारची शाळा सोडून?”

“राजीनामा द्यायला चाललोय. पंचायत समितीत. आणि ही मापं जमा करायचीत. डेडस्टॉकच्या वहीत माझ्या नावावर आहेत.”

“कसली वही?”

“शाळेच्या सामानाची. त्यात लिहिलेलं काही हरवलं, चेपलं, की जबाबदारी माझी.”

“आणि न लिहिलेलं हरवलं, तर?”

गुरुजींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

खरं तर या दोघांची गंमत चालायची. गुरुजी दर गुरुवारी संध्याकाळी फकिराकडं येऊन बसत. आपल्या शाळेचा त्यांना फार अभिमान. मागच्या दिवाळीआधी तपासणीला साहेब आले, तेव्हा पहिलीतल्या अनशीनं उभं राहून सगळं कोष्टक एका दमात म्हणून दाखवलं होतं. दहा मिलिलिटर म्हणजे एक सेंटिलिटर, इथून ते पार एक लिटर म्हणजे एक हजार मिलिलिटर इथपर्यंत. साहेबांनी शेरा लिहिला. गुरुजींनी अनशीला सगळ्यांसमोर पेन्सिल बक्षीस दिली. गुरुवारी येऊन हे सगळं फकिराला सांगितलं.

फकीर तेव्हा म्हणाला होता, “गुरुजी, माझंही नाव घाला की शाळेत.”

“तुमचं वय बसत नाही बाबा.”

“मग वय कमी करून घाला. तुमच्याच हातात आहे म्हणे ते.”

दोघंही हसले होते. मी पण हसलो होतो.

त्या सकाळी कुणी हसलं नाही.

“बघू ती मापं,” फकीर म्हणाला.

गुरुजींनी पिशवी पुढं केली. फकिरानं एकेक माप काढून ओट्यावर मांडलं. लिटर, अर्धा लिटर, दोनशे, शंभर, पन्नास. उन्हात अशी चमकत होती, की डोळे मिटावेत.

“नवी दिसतात.”

“सात वर्षांची आहेत,” गुरुजी पटकन बोलून गेले. बोलून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली.

“सात वर्षांत पाणी किती वेळा घातलं?”

“...नाही घातलं. पाण्यानं डाग पडतात. पोरं आपटतात. एकदा चेपलं की माप खोटं होतं. म्हणून कपाटात ठेवली.”

“मग पोरांना लिटर कसा दाखवला?”

“फळ्यावर. चित्र काढून.”

“केवढं काढलं?”

गुरुजींचा हात आपोआप वर आला. चार बोटं आडवी धरून त्यांनी हवेत दाखवलं, एवढं. आणि तो हात तसाच राहिला. खाली घ्यायचं ते विसरले.

फकिरानं पिशवी उलटी केली. तळाशी आणखी एक भांडं होतं. स्टीलचं साधं फुलपात्र.

“हे पण सरकारी?”

गुरुजींनी झटकन हात पुढं केला, पण फकिरानं ते माझ्याकडं दिलं. “सटवाजी, काय लिहिलंय बघ.”

मला अक्षरं लावत लावत वाचता येत होती. काठाखाली ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. सोजर हिस मामाकडून.

सोजरचं घर आमच्या घरापासून चौथं. आदल्या दिवशी दुपारी तिच्या सव्वा वर्षाच्या लहूला आम्ही माती देऊन आलो होतो. गावात जुलाबाची साथ होती. साथीत गेला, असंच सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो.

अनशी ही लहूची मोठी बहीण.

“हे तुमच्याकडं कसं?” मी विचारलं.

गुरुजींनी कडुनिंबाकडं तोंड केलं. मग बोलू लागले. धडा वाचून दाखवावा तसं, सरळ.

“नर्सबाईंनी घरोघर मिठाच्या पुड्या वाटल्यात. पोराला जुलाब लागले, की एक पुडी एक लिटर पाण्यात कालवायची आणि थोडं थोडं पाजायचं. लहूला लागले, तेव्हा सोजरनं पुडी काढली. अनशीला विचारलं, लिटर म्हणजे केवढं गं...”

“अनशीनं सांगितलं?”

“दाखवलं. फडताळापुढं उभी राहिली. एकेका भांड्याला चार बोटं लावून बघितली. तांब्याला लावली, तो उंच निघाला. याला लावली, हे बरोबर बसलं. हे काढून दिलं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सोजरनंच. तालुक्याच्या दवाखान्यात. मी सोबत गेलो होतो ना. आम्ही अडाणी, पण माझ्या लेकीनं बरोबर मापून दिलं, म्हणाली. डॉक्टरांना दाखवायला भांडंसुद्धा घेऊन आली होती, ते माझ्याकडंच राहिलं... डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. म्हणाले, अख्खी पुडी एवढ्याशा पाण्यात? आणि एक नाही, दिवसभरात तीन? आधीच सुकलेलं पोर. वरून सगळं मीठच गेलं अंगात.”

...

मी वाळूत हात घालून बसलो होतो. तो तसाच ठेवला.

“हे कुणाकुणाला ठाऊक आहे?” फकिरानं विचारलं.

“डॉक्टरांना. मला.” गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. “आता यांना.”

“अनशीला?”

“नाही. काल सांजेला दारात उभी होती. माझा हात धरला. म्हणाली, गुरुजी, मी बरोबर मापलं होतं ना?”

“मग?”

“...बरोबर, म्हणालो.”

फकिरानं ओगराळं खाली ठेवलं.

“तिनं मला विचारलं होतं, बाबा. चित्र काढलं त्याच दिवशी. फळ्याजवळ आली आणि चित्राला बोटं लावली. गुरुजी, लिटर एवढंच असतं का? मी म्हणालो, हात लावू नकोस, पुसलं जाईल. ती म्हणाली, पण एवढंच का? सगळ्या वर्गात ते विचारणारी ती एकटी होती. मी म्हणालो, हो, एवढंच. जा, बस जागेवर.”

फकिरानं जुन्या रांजणावरचं झाकण काढलं.

“भरा,” तो म्हणाला.

“काय?”

“लिटर.”

गुरुजींनी मोठं माप उचललं. पाण्यात बुडवायच्या आधी त्यांनी सदऱ्याचं टोक आत घालून ते पुसून घेतलं. हाताची सवय. फकीर ते पाहत होता.

माप काठोकाठ भरलं.

“आता या फुलपात्रात ओता. आणि भरलं, की सटवाजीच्या रांजणात.”

नवा रांजण कोरडा होता. पहिलं फुलपात्र त्यात रितं झालं, तेव्हा खोल विहिरीत काही पडल्यासारखा आवाज आला.

“एक,” गुरुजी म्हणाले. वर्गात म्हणतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

त्यांनी मापात वाकून पाहिलं.

“अजून आहे,” फकीर म्हणाला.

“दोन.”

“अजून आहे.”

“...तीन.”

चौथ्याला ते आकडा बोलले नाहीत. नुसते ओठ हलले. पाणी रांजणात पडल्याचा आवाज मात्र झाला. त्यानंतरही मापाच्या तळाशी बोटभर पाणी उरलंच होतं.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“आकड्यानं ठाऊक होतं... असं ओतून कधी पाहिलं नव्हतं.”

मी रांजणात डोकावलो. तळाला पाणी दिसत नव्हतं. नुसती ओल दिसत होती, गडद. नवी माती पहिलं पाणी पिऊन टाकते. त्यात नवल काही नाही. रोजच्या कामातली गोष्ट. पण त्या दिवशी माझ्यानं ते बघवलं नाही.

गुरुजी ओट्याला टेकून खाली बसले.

“मी गेलो, की हे मिटेल,” ते म्हणाले. “सोजर म्हणते, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. तिनं ते मानलंय. अनशी काल जेवली. नवा मास्तर येईल. कुणाला काही कळणार नाही.”

“पुड्या किती घरांत आहेत?” फकिरानं विचारलं.

“...सव्वीस.”

“साथ संपली?”

“नाही.”

“माझ्याही घरात दोन आहेत,” मी म्हणालो. “फळीवर. बारकी सहा महिन्यांची आहे.” माझा आवाज मलाच वेगळा वाटला. “थोरला तुमच्याच शाळेत आहे, गुरुजी. त्याची आई त्यालाच विचारील.”

“नर्सबाईंना निरोप धाडतो. तालुक्याला उतरलो की लगेच.”

“त्या कधी येतात?”

“बुधवारी.”

आज शनिवार होता.

मी उठून उभा राहिलो. घरी पळावंसं वाटत होतं. गुरुजींनी मापं भराभर पिशवीत घातली आणि पिशवी माझ्यापुढं धरली.

“सटवाजी, तुम्ही न्या ना ही. गावात सगळ्यांना दाखवा. आत्ता पाहिलंत ना तुम्ही? लिटर भरायचा, पुडी सोडायची. एवढंच तर आहे. तुमचं लोक ऐकतील.”

मी हात पुढं केला. खरं सांगतो, मी नेली असती.

“वहीत नाव कुणाचं आहे?” फकिरानं विचारलं.

माझा हात मागं आला.

गुरुजींनी पिशवी मांडीवर घेतली. लहान मूल घ्यावं तशी, दोन्ही हातांनी. आणि मग इतका वेळ जे आलं नव्हतं, ते आलं. आवाज न करता ते रडत होते. पिशवीतली मापं बारीक वाजत होती.

“बाबा, गावात जाऊन मी ही मापं मांडली, तर अनशी पहिल्या रांगेत असेल. ती नेहमीच पहिल्या रांगेत बसते. हे फुलपात्र मी लपवीन. दुसरं भांडं घेईन. तरी तिला कळेल. ती बोटं लावून बघेल. मग मोजेल... चारपर्यंत मोजायला तिला मीच शिकवलंय.”

फकिरानं डोळे मिटून घेतले.

“सहा वर्षांची आहे, बाबा. उरलेलं सगळं आयुष्य तिला हे घेऊन काढायचं. मी गप्प राहिलो, तर ती वाचते. बोललो, तर बाकीची वाचतात.”

...

“तिला काय सांगू, तेवढं सांगा. बाकीचं सगळं मी करतो. गाव मारील, तर मार खाईन. फक्त त्या पोरीला काय सांगू?”

फकिरानं डोळे उघडले. मी त्याला पंधरा वर्षं ओळखत होतो. बाया-माणसं कसले कसले प्रश्न घेऊन यायची, आणि तो दोन शब्द बोलायचा, कधी नुसतं पाणी द्यायचा, आणि माणसं उठून जायची. मी वाट पाहत होतो. आता बोलेल.

“मला येत नाही ते,” फकीर म्हणाला.

“तुम्हालाही?”

“नाही येत.”

खिंडीतून एसटी उतरली आणि नेहमीसारखी कडुनिंबाखाली थांबली. कंडक्टर उतरून ओंजळ धरून वाकला. मान हलेपर्यंत प्यायला. ओल्या हातानं तोंड पुसत म्हणाला, “काय गुरुजी, आज बाबांच्या शाळेत हजेरी? का आम्हीच दिसत नाही? चला, जागा आहे पुढं.”

गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं. ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे.

“बरं नाही का यांना?” त्यानं मला विचारलं.

मी रांजणाकडं वळलो. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग डबल बेल दिली. एसटी वळणाआड गेली. धूळ उठली. ती खाली बसायला बराच वेळ लागला.

गुरुजी उठले. पिशवीतली मापं त्यांनी पुन्हा काढली. घाईत ती उलटीसुलटी भरली गेली होती. आता लहान माप मोठ्यात, ते त्याहून मोठ्यात, अशी त्यांनी नीट लावायला घेतली. लिटर शेवटी हातात आला. आत मघाचं थोडं पाणी होतं, सांडून उरलेलं. ते त्यांनी नव्या रांजणात ओतलं. मग सदऱ्याचं टोक धरलं आणि माप पुसायला हात आत घातला.

फकिरानं त्यांचं मनगट धरलं.

“पुसू नका, गुरुजी. ओलंच न्या.”

गुरुजी तसेच उभे राहिले. मग हात बाहेर काढला. बाकीची मापं लिटरमध्ये बसवली. ती पिशवीत गेली, वर सोजरचं फुलपात्र गेलं. पिशवी त्यांनी खांद्याला लावली. तिच्या तळाशी ओलीचा एक गोल डाग उमटत होता.

त्यांनी फकिराकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. तालुक्याच्या वाटेकडं पाठ केली आणि काही न बोलता गावाच्या उताराला लागले.